हरणाऱ्या संघाचे सोबती

उगवत्या सूर्याला सारेच नमस्कार करतात, असे आपण म्हणतो, आणि व्यवहारात ते पावलोपावली पटते. निवडून आलेल्या उमेदवाराच्या दारात हारतुऱ्यांची रीघ लागते; पडलेल्याच्या ओट्यावर दुसऱ्या दिवशी कोणी फिरकत नाही. खेळाच्या मैदानावरही तीच तऱ्हा. असे असता, जो सूर्य तब्बल एकशेआठ वर्षे उगवलाच नाही, त्याच्याकडे तोंड करून माणसे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, असे सांगितले तर ते सहसा कोणाला खरे वाटणार नाही. परंतु अशी माणसे अमेरिकेतील शिकागो शहरात होती, आणि ती दहापाच नव्हेत, लाखांनी मोजावी इतकी होती.

शिकागोचे नाव आपल्या परिचयाचे झाले ते १८९३ च्या सर्वधर्मपरिषदेमुळे आणि तेथे गाजलेल्या स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे. स्वामीजी त्या शहरात गेले तेव्हा, ज्या बेसबॉल संघाविषयी आम्ही येथे सांगणार आहोत, त्याला नॅशनल लीग या संघटनेत खेळू लागून सतरा वर्षे झाली होती. १८७६ साली ही लीग स्थापन झाली त्या पहिल्या वर्षापासून हा संघ तीत आहे. आज त्याचे नाव ‘शिकागो कब्स’. कब म्हणजे अस्वलाचे पिल्लू.

हा संघ १९०८ साली अजिंक्य ठरला, आणि पुन्हा अजिंक्य ठरण्यास २०१६ साल उजाडावे लागले. मधल्या काळात दोन महायुद्धे होऊन गेली, आपला देश स्वतंत्र झाला, माणूस चंद्रावर जाऊन परत आला. कब्सला मात्र अजिंक्यपद काही मिळाले नाही. १०८ हा आकडा आपल्याला जपमाळेमुळे ठाऊक आहे. योगायोग असा की, बेसबॉलच्या चेंडूवर तांबड्या दोऱ्याचे जे टाके घातलेले असतात, तेही १०८ च मोजतात. तेव्हा या संघाच्या चाहत्यांनी एकेका टाक्यावर एकेक वर्ष मोजून पुरी एक माळ ओढली, असे म्हणावयास हरकत नाही.

या चाहत्यांत लिहिते हात पुष्कळ होते. वृत्तपत्रांतील सदरे, पुस्तके, गाणी, नाटके अशा सर्व वाटांनी त्यांनी आपल्या हरणाऱ्या संघाविषयी लिहिले. जिंकणाऱ्याचे पोवाडे आपल्याला ठाऊक आहेत. पण हरणाऱ्याविषयी माणसे इतके का लिहितात? जन्मभर निराशाच पदरात टाकणाऱ्या संघाला ती सोडून का देत नाहीत? आणि अशी निष्ठा हा नेहमी गुणच असतो काय? आम्हांस या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. विषय खेळाचा दिसला, तरी प्रश्न निष्ठेचा आहे. आणि तो सर्वांचाच आहे.

खेळाची तोंडओळख

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ आहे असे समजले की काम भागते. इथेही बॅट, चेंडू, धावा आणि बाद होणे आहेच. एका बाजूला नऊ खेळाडू असतात आणि सामन्यात प्रत्येक बाजूला नऊ डाव मिळतात. तीन खेळाडू बाद झाले की डाव संपला. चेंडू टप्पा न पाडता सरळ फलंदाजाकडे फेकतात. फलंदाजाने तो टोलवावा आणि मैदानातील चार ठिकाणांना क्रमाने पाय लावून फेरी पुरी करावी, म्हणजे एक धाव होते. फलंदाज उभा राहतो तेथून दोन पांढऱ्या रेषा मैदानात तिरप्या जातात. त्यांच्या बाहेर गेलेल्या फटक्यावर धाव मिळत नाही; पण तो चेंडू जमिनीवर पडण्यापूर्वी कोणी झेलला तर फलंदाज बाद होतो. चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला तर तो ज्याच्या हाती लागेल त्याचा! तो परत द्यावा लागत नाही. म्हणून मुले घरून चामडी हातमोजा घालून मैदानावर येतात. हे दोन नियम वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांच्याशी गाठ पडणार आहे.

परंतु नियमांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे या खेळाचे वेळापत्रक. पूर्वी हंगामात १५४ सामने असत. १९६२ पासून नॅशनल लीगमध्ये ते १६२ झाले. वसंतात सुरू झालेला हंगाम शरदापर्यंत जवळजवळ रोज चालतो. त्यांतील निम्मे सामने आपल्याच गावात होतात. इतक्या सामन्यांत उत्तमातला उत्तम संघही साठएक वेळा हरतो. दहा वेळा फलंदाजीला उभे राहून जो तीन वेळा यशस्वी फटका मारतो, तो श्रेष्ठ फलंदाज समजला जातो. म्हणजे श्रेष्ठाच्या वाट्यालाही दहांत सात वेळा अपयशच! पराभव पचविण्याची सवय हा खेळ मुळातच लावतो. क्रिकेटचा सामना हा सणासारखा असतो. बेसबॉलचा सामना रोजच्या भाजीभाकरीसारखा असतो, आणि भाजी अळणी झाली म्हणून कोणी घर सोडून जात नाही.

आपल्याकडचे उदाहरण घेतले म्हणजे हा फरक स्पष्ट होईल. महाराष्ट्राच्या संघाने प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या वर्षी तो अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हात हलवीत परत आला. ही हुरहूर क्रिकेटच्या जाणकारांना आहे. पण ती घरोघरची झाली नाही, कारण तो संघ आपल्याला वर्षातून मोजके दिवस दिसतो. कब्स मात्र शिकागोच्या घरात रोज येत असे. १९२० नंतरच्या दशकात, इतर संघांचे मालक रेडिओमुळे तिकिटे खपणार नाहीत म्हणून धास्तावले होते, तेव्हा कब्सचे मालक विल्यम रिग्ली यांनी आपल्या मैदानाची दारे रेडिओला उघडून दिली. पुढे दूरचित्रवाणी आली. शिवाय या मैदानावर १९८८ च्या ऑगस्टपर्यंत विजेचे दिवेच नव्हते. सामने दुपारी होत. शाळेतून धावत घरी आलेल्या मुलाला शेवटचे दोनतीन डाव हमखास मिळत. आजी भाजी निवडीत रेडिओ ऐके, तोच सामना नातू दप्तर टाकून ऐके. संघाशी नाते जुळले ते असे.

पराभवांची वही

या संघाचे पूर्वपुण्य मोठे होते. १९०६ साली त्याने १५२ पैकी ११६ सामने जिंकले. १९०७ आणि १९०८ या दोन्ही वर्षी त्याने वर्ल्ड सिरीज जिंकली. दोन लीगांच्या विजेत्यांत होणाऱ्या अंतिम मालिकेला तेथे हे भारदस्त नाव आहे. त्यानंतर १९१०, १९१८, १९२९, १९३२, १९३५, १९३८ आणि १९४५ अशा सात वेळा तो या मालिकेपर्यंत पोचला आणि सातही वेळा हरला. १९४५ नंतर तर एकाहत्तर वर्षे त्याला ती पायरीही चढता आली नाही.

हरण्याच्या तऱ्हा तरी किती! १९६१ आणि १९६२ या वर्षी मालकांनी एकच प्रशिक्षक नेमण्याऐवजी सातआठ जणांचे मंडळ नेमून आळीपाळीने कारभार चालविण्याचा प्रयोग केला. बारभाईच्या कारभाराचे फळ आपल्याला ठाऊकच आहे. १९६२ साली संघ १०३ सामने हरला. १९६४ साली लू ब्रॉक नावाचा तरुण खेळाडू सेंट लुइसच्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात एक अनुभवी चेंडूफेक करणारा घेतला. नव्या खेळाडूने कब्सला जेमतेम सात सामने जिंकून दिले. ब्रॉक मात्र पुढे खेळातील थोर पुरुषांच्या मालिकेत जाऊन बसला. १९६९ साली ऑगस्टच्या मध्यावर कब्स नऊ सामन्यांनी पुढे होते. हंगाम संपला तेव्हा न्यूयॉर्कच्या मेट्स संघाच्या आठ सामने मागे. १९८४ साली पाच सामन्यांच्या मालिकेत पहिले दोन जिंकून उरलेले तिन्ही हरले.

या सर्व काळाचे प्रतीक म्हणजे अर्नी बँक्स. १९५३ साली संघात आलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तो १९७१ पर्यंत खेळला, त्याने ५१२ होम रन मारले, १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळविला. आणि एवढे होऊनही हंगामानंतरच्या अंतिम स्पर्धांतील एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. तरी हा मनुष्य मैदानावर आला की हसत म्हणे, आज हवा झकास आहे, एकाऐवजी दोन सामने खेळू या! शिकागोचे लोक त्याच्यावर प्राणापलीकडे प्रेम करीत. २०१५ च्या जानेवारीत तो वारला. संघाचा विजय अवघ्या पावणेदोन वर्षांवर येऊन ठेपला होता.

लिहिणारे चाहते

आता लिहिणाऱ्यांकडे वळू. जॉर्ज विल हे राजकीय विषयांवर लिहिणारे नामांकित स्तंभलेखक. त्यांचे बालपण इलिनॉय राज्यातील एका गावात गेले. तेथील मुले निम्मी कब्सची, निम्मी सेंट लुइसची. विल थट्टेने सांगतात की, सेंट लुइसच्या नादी लागलेले त्यांचे सवंगडी पुढे आनंदी उदारमतवादी झाले. आपण कब्सचे, म्हणून खिन्न आणि पुराणमतवादी झालो! मैदानाला शंभर वर्षे झाली त्या २०१४ साली त्यांनी त्या मैदानावर एक पुस्तकच लिहिले.

नाटकाचे वेड असलेल्या आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७७ साली शिकागोच्या ऑरगॅनिक थिएटर कंपनीने ‘ब्लीचर बम्स’ नावाचे नाटक रंगभूमीवर आणले. ब्लीचर म्हणजे उन्हातल्या, स्वस्त तिकिटाच्या बाकड्या. या नाटकात खेळाडू नाहीत. उन्हात बसलेले, आपसांत पैजा लावणारे, भांडणारे आणि पुन्हा एकमेकांशेजारी बसणारे प्रेक्षकच काय ते आहेत. संघाच्या पराभवाखेरीज त्यांना एकत्र आणणारे दुसरे काही नाही. तरी ते कुटुंबच आहे.

आणि स्टीव्ह गुडमन. हा शिकागोचा गायक-कवी. ऐन तारुण्यात त्याला रक्ताचा कर्करोग जडला. त्याने एका मरणासन्न चाहत्याचे गाणे लिहिले. हा चाहता आपली अंत्ययात्रा या मैदानातूनच निघावी अशी इच्छा सांगतो. आपला मृत्यू समोर दिसत असताना त्यावर हसत हसत लिहिणे सोपे नव्हे. १९८४ साली त्याने संघासाठी दुसरे, उत्साहाचे गाणेही रचले. त्या वर्षी कित्येक वर्षांनी संघ आपल्या गटात पहिला येण्याच्या बेतात होता. २० सप्टेंबरला गुडमन वारला. वय छत्तीस. चारच दिवसांनी, २४ सप्टेंबरला, कब्सने गट जिंकला. त्याचे दुसरे गाणे आज संघाच्या घरच्या विजयानंतर हजारो लोक एका सुरात म्हणतात.

ही सर्व माणसे खेळाविषयी लिहितात असे वाटते. पण बारकाईने पाहिले तर ती आपल्या आईबापांविषयी लिहीत असतात. इतिहासकार डोरिस कर्न्स गुडविन यांनी हे उघड करून दाखविले आहे. त्या ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाच्या. सहा वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना सामन्याच्या नोंदी ठेवण्याची चिन्हे शिकविली. दिवसभर रेडिओ ऐकून ही मुलगी प्रत्येक चेंडूची टिपणे करी आणि संध्याकाळी कामावरून परतलेल्या वडिलांना सारा सामना सांगे. आपण इतिहास सांगावयास शिकलो तो येथे, असे त्या म्हणतात. डॉजर्स १९५५ साली जिंकले आणि १९५७ चा हंगाम संपताच गाव सोडून लॉस एंजेलिसला गेले. कब्स जिंकले नाहीत. पण १९१६ साली ज्या मैदानावर आले ते त्यांनी सोडलेही नाही. आजोबा ज्या बाकावर बसले त्याच बाकावर नातवाला बसता येत होते, आणि १९३७ साली भिंतीवर लावलेली वेल दर वसंतात त्याच जागी पालवत होती.

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर आम्हांस येथे मिळते. ज्यांच्या घरात पंढरीची वारी असते, त्यांना ‘यंदा काय मिळाले?’ असे कोणी विचारत नाही. वडील जात होते म्हणून मुलगा जातो. वाटेवर वडिलांची आठवण भेटते, हेच मिळणे. तुलना फार ताणू नये, कारण एकीकडे देव आहे आणि दुसरीकडे करमणूक. परंतु फळाकडे न पाहता चालत राहण्याची रीत दोहींकडे एकच आहे.

शापाची सोय

आता तिसरा प्रश्न. अशी निष्ठा हा निव्वळ गुण आहे काय?

१९४५ च्या वर्ल्ड सिरीजमधील चौथ्या सामन्याला विल्यम सायनिस नावाचे एक खाणावळवाले आपला बोकड बरोबर घेऊन आले. बोकडाला बाहेर काढण्यात आले आणि त्यांनी संतापून संघाला शाप दिला, अशी कथा आहे. ही कथा पुढे इतकी वाढली की, संघ हरला की बोकडाचे नाव निघू लागले. वरवर ही गंमत आहे; पण शापाची एक मोठी सोय असते. शाप आहे म्हटले की कोणाला जाब विचारावा लागत नाही.

हे ठणकावून सांगणारा लेखक शिकागोतच निपजला. माइक रॉयको हे त्या शहराचे सर्वांत वाचले जाणारे स्तंभलेखक, आणि जन्माचे कब्सभक्त. २१ मार्च १९९७ रोजी त्यांचा अखेरचा लेख प्रसिद्ध झाला. पुढच्याच महिन्यात ते वारले. त्या लेखात त्यांनी सांगितले की, संघाला बोकडाने नव्हे, मालकाने बुडविले. विल्यम रिग्लींचे चिरंजीव फिलिप रिग्ली १९३२ पासून १९७७ पर्यंत मालक होते. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ब्रुकलिनच्या संघात पाऊल टाकून वर्णभेदाची भिंत फोडली. त्यानंतर शहाण्या मालकांनी गुणी कृष्णवर्णीय खेळाडूंना आपल्या संघांत घेतले. कब्सने मात्र १९५३ पर्यंत एकही घेतला नाही. ही हातची वर्षे गेली आणि त्यांबरोबर विजयही गेले, असे रॉयको यांचे म्हणणे. मरणाच्या दारातही ज्याने आपल्या संघाची खोटी समजूत घातली नाही, त्याची निष्ठा आम्हांस फार मोठी वाटते.

चाहत्यांचाही यात वाटा होता. फिलिप रिग्ली जाहिराती करीत त्या संघाच्या नव्हेत, मैदानाच्या: ऊन, हिरवळ, मोकळी हवा. लोक येत राहिले. २०११ साली टोबायस मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम या दोघा अभ्यासकांनी आकडेवारी मांडून दाखविले की, जयापजयाचा प्रेक्षकसंख्येवर सर्वांत कमी परिणाम जर कोणत्या संघाच्या बाबतीत होत असेल तर तो कब्सच्या. बिअर महागली तर गर्दी हलते, संघ हरला तर फारशी हलत नाही! आता मालकाच्या जागी बसून विचार करा. हरूनही गल्ला भरत असेल, तर जिंकण्यासाठी पैसा कोण ओतील? ज्या निष्ठेने संघाला जगविले, तिनेच त्याला आळशी केले. प्रश्न न विचारणारी माया मुलाचे जे करते, तेच येथे झाले.

एक चेंडू, एक माणूस

परंतु आंधळ्या निष्ठेचे खरे मोल एका सामान्य माणसाला मोजावे लागले.

१४ ऑक्टोबर २००३ ची रात्र. लीगच्या अंतिम मालिकेत कब्स फ्लॉरिडाच्या संघाविरुद्ध तीनास दोन असे पुढे होते. सहाव्या सामन्यात आठव्या डावात ३-० अशी आघाडी होती. आणखी पाच खेळाडू बाद झाले की १९४५ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज. तेवढ्यात रेषेबाहेर उंच उडालेला एक चेंडू प्रेक्षकांच्या कठड्याकडे आला. कब्सचा खेळाडू झेल घेण्यासाठी भिंतीवर झेपावला. कठड्याशी बसलेल्या चारपाच जणांनी, अशा वेळी कोणीही करील तसेच, हात वर केले. त्यांतील एकाच्या हाताला चेंडू लागला आणि झेल हुकला. त्या माणसाच्या डोक्यावर कब्सचीच टोपी होती आणि कानाला सामन्याचे समालोचन लावलेले होते. पंचांनी तो नियमभंग मानला नाही, कारण चेंडू भिंतीच्या पलीकडे आला होता.

त्यानंतर कब्सच्या खेळाडूने एक सोपा चेंडू हातातून सोडला. मग धावांचा लोंढा लागला. एका डावात आठ धावा झाल्या आणि सामना गेला. दुसऱ्या दिवशी सातवा सामनाही गेला. चुका केल्या त्या खेळाडूंनी. पण हजारो लोकांचा संताप कोसळला तो त्या एका प्रेक्षकावर. त्याच्यावर बिअर फेकली गेली, शिव्यांचा पाऊस पडला, रक्षकांच्या गराड्यात त्याला बाहेर न्यावे लागले. त्याचे नाव-गाव जाहीर झाले, घराबाहेर पोलीस ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी त्याने सर्वांची क्षमा मागितली. तो चेंडू शिकागोतील एका उपाहारगृहाच्या वतीने एक लाखाहून अधिक डॉलर देऊन विकत घेण्यात आला, आणि पुढच्या फेब्रुवारीत जमावासमोर स्फोट करून उडविण्यात आला.

आम्ही येथे त्या गृहस्थाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पुष्कळांनी ते पुष्कळ वेळा लिहिले आहे. सांगावयाचे इतकेच की, पैशाची आमिषे त्याच्यापुढे पुष्कळ आली. त्याने एकही घेतले नाही, एकही मुलाखत देऊन आपली बाजू मांडली नाही, आणि संघाविषयी वाईट शब्द काढला नाही. ज्यांनी त्याला छळले ते स्वतःला निष्ठावंत म्हणवीत होते. परंतु त्या रात्री त्या मैदानात कब्सचा सर्वांत निष्ठावंत चाहता कोण, असे विचारले तर आमचे बोट त्याच्याकडेच जाईल. बोकडाला दोष देणे ही गंमत होती. माणसाला बोकड करून बळी देणे ही गंमत नव्हे. मालकाला जाब विचारण्याची सवय सुटली की राग कोठे तरी बाहेर पडतोच, आणि तो नेहमी जवळच्या, दुबळ्या माणसावर पडतो. आपल्याकडील सार्वजनिक जीवनातही हे दृश्य वाचकांनी पाहिले असेल.

भिंतीवरची नावे

विजय आला तो शाप उतरून नव्हे, काम करून. २००९ साली संघ नव्या मालकांकडे गेला. २०११ च्या अखेरीस त्यांनी थिओ एप्स्टाइन यांना कारभार सोपविला. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचा शहाऐंशी वर्षांचा वनवास २००४ साली यांच्याच कारकीर्दीत संपला होता. त्यांनी जुने खेळाडू दिले, तरुण घेतले, आणि पहिल्या वर्षी, २०१२ साली, १०१ सामने हरण्याची तयारी ठेवली. २०१६ साली संघाने १०३ सामने जिंकले. वर्ल्ड सिरीजमध्ये क्लीव्हलंडविरुद्ध एकास तीन असे मागे पडूनही त्यांनी बरोबरी गाठली. २ नोव्हेंबरच्या सातव्या सामन्यात ६-३ ची आघाडी आठव्या डावात पुसली गेली, तेव्हा शिकागोत लाखो लोकांना २००३ आठवले असेल. नऊ डाव बरोबरीत संपले, पावसाने सतरा मिनिटे खेळ थांबला, आणि दहाव्या डावात कब्स ८-७ ने जिंकले. समोरच्या क्लीव्हलंडलाही १९४८ पासून अजिंक्यपद नव्हते, हेही विसरू नये. एकाची माळ पुरी झाली तेव्हा दुसऱ्याची आणखी लांबली.

त्या दिवसांत मैदानाच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीपाशी लोक खडू घेऊन जमू लागले. त्यांनी विटांवर नावे लिहिली. खेळाडूंची नव्हेत, आपल्या घरातील गेलेल्या माणसांची. बाबा, आजी, काका, शेजारी. हात पुरेल तेथपर्यंत भिंत भरली. मग खुर्च्या, शिड्या आणून वर लिहिले. पावसाने पुसले की पुन्हा लिहिले. एका गृहस्थाने वडिलांना दिलेले वचन पाळण्यासाठी शेकडो मैल मोटार हाकली आणि त्यांच्या कबरीपाशी खुर्ची टाकून रेडिओवर अखेरचा सामना ऐकला. विजयाच्या क्षणी माणसांना प्रथम आठवले ते विजय न पाहता गेलेले लोक. इतकी वर्षे ते कशासाठी बसून होते, ते त्या भिंतीने सांगितले.

आणखी एक हिशेब राहिला होता. २०१७ च्या जुलैअखेर संघाने त्या २००३ च्या प्रेक्षकाला, खेळाडूंना देतात तशीच अजिंक्यपदाची अंगठी दिली. ती स्वीकारताना त्याने म्हटले की, आपल्या अनुभवावरून लोकांनी खेळाकडे करमणूक म्हणून पाहावयास शिकावे आणि कोणा एकाला बळीचा बोकड करू नये. चौदा वर्षे गप्प राहिलेल्या माणसाने मागितले ते एवढेच.

तेव्हा हरणाऱ्याच्या सोबत राहण्यात कमीपणा नाही. संस्था, भाषा, गाव, शाळा, यांच्याशी आपले नाते याच जातीचे असते. त्या जिंकतात म्हणून त्या आपल्या नसतात. परंतु सोबत राहणाऱ्यावर दोन कामे येऊन पडतात. कारभाऱ्यांना प्रश्न विचारीत राहावे, रॉयको यांनी विचारले तसे. आणि हार झाली तर तिचे ओझे शेजारी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर टाकू नये. ही दोन कामे ज्याला जमतात त्याने एकशेआठ वर्षे खुशाल वाट पाहावी. शिकागोतील मुले अजूनही हातमोजा घालून त्या भिंतीजवळून आत जातात, आणि संघ हरला की त्यांचे वडील घरी जाताना, स्वतः बापाकडून ऐकलेले तेच वाक्य म्हणतात: बाळ, पुढच्या वर्षी पाहू.